भिंतीवरचं चित्र आणि टेबलापलीकडचा माणूस

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. ऑफिसची भिंत. सरकारी कचेरी घ्या, बँक घ्या, नाहीतर आयटी कंपनी घ्या. गेल्या काही वर्षांत या भिंतींवर आदिवासी चित्रं दिसायला लागलीत. गेरूच्या रंगावर नाचणारी पांढरी वारली माणसं, ठिपक्या-रेघांनी भरलेली गोंड हरणं. दिसायला छानच दिसतात. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या चित्रामुळे त्या इमारतीत काम करणाऱ्या किंवा कामासाठी येणाऱ्या आदिवासी माणसाचं काही बदलतं का?

हा प्रश्न मला देवरीमुळे पडतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, देवरी हा गोंदिया जिल्ह्यातला छत्तीसगडच्या सीमेलगतचा तालुका. नागपूर-रायपूर हायवे गावातूनच जातो. 2011 च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 16 टक्के आहे, आणि देवरी-सालेकसा भागात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. जिल्ह्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं ऑफिसही देवरीलाच आहे. आश्रमशाळा, वसतिगृह, वेगवेगळ्या योजना, सगळ्यासाठी लोक इथे येतात. टेबलाच्या अलीकडे साहेब, पलीकडे गोंड किंवा हलबा माणूस, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. आता साहेब त्याला 'तुम्ही' म्हणतो का 'तू', खुर्चीकडे हात करतो का उभं ठेवतो, यावरून त्या दोघांमधलं अंतर लगेच कळतं.

हे अंतर कमी करायला चित्राचा उपयोग होतो का? जगात काही ठिकाणी तसा प्रयत्न जाणूनबुजून झालाय. तिथून सुरू करू.

एक डॉलरची नोट

ऑस्ट्रेलियात 14 फेब्रुवारी 1966 ला नवीन चलन आलं. पाउंड-शिलिंग गेले, डॉलर-सेंट आले. एक डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला झाडाच्या सालीवर काढलेल्या एका चित्रावरून घेतलेली नक्षी होती. मूळ चित्र डेव्हिड मलांगी या आदिवासी चित्रकाराचं. गुर्रमिरिंगु नावाच्या पूर्वज शिकाऱ्याच्या मृत्यूनंतरचे विधी त्यात दाखवलेत. नोट छापली, देशभर वाटली, पण मलांगीला कोणी विचारलंच नव्हतं. चित्र कुण्या जुन्या, अनाम माणसाचं असणार असं गृहीत धरलं गेलं होतं. तो जिवंत आहे आणि चित्रं काढतोय, हे एका शाळामास्तरांमुळे उजेडात आलं. मग रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी त्याला 1000 डॉलर, एक चांदीचं पदक आणि मासेमारीचं सामान दिलं.

मला यातलं पैशापेक्षा ते गृहीतक महत्त्वाचं वाटतं. चित्र इतकं आवडलं की देशाच्या नोटेवर घेतलं, पण काढणारा कोणी माणूस असेल, त्याला नाव-गाव असेल, हे डोक्यातच आलं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले गिटमध्ये चार ओळी बदलल्या तरी कमिटवर आमचं नाव राहतं. कोणी फुकट वाटलेला कोड वापरायचा तरी लायसन्स वाचावं लागतं. आणि इथे एक अख्खं चित्र, नाव गळून, करोडो खिशांत फिरत होतं.

पुढे ऑस्ट्रेलियात हळूहळू समज आली. आदिवासींशी झालेल्या अन्यायानंतर समेट घडवायचा, आणि तो नोकरीच्या ठिकाणीही घडवायचा, म्हणून 2006 पासून कंपन्या, बँका, विद्यापीठं, सरकारी खाती लेखी योजना करायला लागली. आम्ही किती आदिवासी लोकांना नोकरी देऊ, कोणाकडून माल घेऊ, कर्मचाऱ्यांना काय शिकवू, असं त्यात लिहायचं. रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया ही संस्था या योजना तपासून मान्यता देते. या योजनेसाठी बहुतेक संस्था एखाद्या आदिवासी चित्रकाराकडून मुद्दाम चित्र काढून घेतात. ते मुखपृष्ठावर येतं, ऑफिसच्या भिंतीवर लागतं. शेजारी चित्रकाराचं नाव, त्याचा समाज, आणि चित्रात काय आहे ते त्याच्याच शब्दांत.

ऐकायला एकदम आदर्श वाटतं. पण 2020 चा मे महिना बघा. रिओ टिंटो या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकान गॉर्ज इथल्या गुहा लोखंडाच्या खनिजासाठी सुरुंग लावून उडवल्या. तिथे 46,000 वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा होत्या. पुतु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा या लोकांची ती पवित्र जागा. आणि या कंपनीकडे समेटाची लेखी, मान्यताप्राप्त योजना होती! रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलियाने तिला कार्यक्रमातून निलंबित केलं, पुढे कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. पण गुहा काही परत येत नाहीत.

म्हणजे नुसती योजना, नुसतं चित्र पुरत नाही. मग काय पुरतं? याचं एक उत्तर आपल्या अगदी शेजारी आहे. गोंदियाहून बालाघाटमार्गे मध्य प्रदेशात शिरू आणि थेट भोपाळ गाठू.

बांधकामावरची मजूर

1980 च्या सुमारास भोपाळच्या तलावाकाठी भारत भवनचं बांधकाम चालू होतं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. तिथे बिगारी काम करणाऱ्यांत झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावची एक भिल्ल तरुणी होती, भूरीबाई. रोजी सहा रुपये. हिंदी फारशी येत नव्हती. भारत भवनच्या कलादालनाचे प्रमुख जगदीश स्वामिनाथन हे स्वतः नावाजलेले चित्रकार. ते मजुरांशी बोलायचे, तुमच्या घरी भिंतीवर काय काढता विचारायचे. त्यांनी भूरीबाईला कागद आणि रंग दिले.

आता इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. चित्र काढत बसलं तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? स्वामिनाथननी चित्राचे पैसे दिले. उपकार म्हणून नाही, कामाचा मोबदला म्हणून. घरी गेरू, खडू आणि पाल्याचा रस वापरणारी भूरीबाई तयार रंगांनी काढायला लागली. पुढे ती भोपाळच्या आदिवासी लोककला अकादमीत कलाकार म्हणून नोकरीला लागली. 2021 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. ज्या इमारतीच्या विटा डोक्यावरून वाहिल्या, तिथेच चित्रकार म्हणून ओळख मिळाली. कामाच्या ठिकाणी माणसाची जागा बदलणं म्हणजे काय, याचं यापेक्षा सरळ उदाहरण मला माहीत नाही.

त्याच काळात, 1981 मध्ये, स्वामिनाथननी तरुण कलाकारांच्या तुकड्या गावोगाव पाठवल्या. त्यातल्या एका तुकडीला पाटणगढ गावात एका भिंतीवर हनुमानाचं चित्र दिसलं. काढणारा जनगढ सिंह श्याम, वय विशीच्या आत-बाहेर, परधान समाजाचा. परधान आपल्याकडे विदर्भातही आहेत. गोंडांचे पारंपरिक गायक, यजमानाच्या घरी जाऊन देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा गाणारे. जनगढने त्या गाण्यातले देव ठिपक्या-रेघांत कागदावर आणले. तो भारत भवनमध्ये नोकरीला लागला, भाऊबंदांना भोपाळला आणलं, त्यांना शिकवलं. आज आपण ज्याला 'गोंड चित्रशैली' म्हणतो ती बरीचशी या एका माणसाच्या हातून घडलेली आहे. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्याची चित्रं आहेत. म्हणजे आमदारांच्या कामाच्या जागेवर परधानाचे देव.

13 फेब्रुवारी 1982 ला भारत भवन सुरू झालं तेव्हा स्वामिनाथननी आणखी एक केलं. आदिवासी कलाकारांची चित्रं आणि शहरातल्या नामांकित आधुनिक चित्रकारांची चित्रं एकाच छताखाली, बरोबरीने लावली. एक कला आणि दुसरी हस्तकला, असा भेद ठेवला नाही.

पण ही गोष्टही गोड शेवटाची नाही. 2001 मध्ये जपानमधल्या मिथिला म्युझियममध्ये मुक्कामी राहून काम करत असताना जनगढने आत्महत्या केली. वय जेमतेम 40. त्याला तिथे कोणत्या अटींवर राबवलं जात होतं, याचा जाब तेव्हा भारतातल्या अनेक कलाकारांनी मागितला. चित्रं जगभर पूजली जात होती, आणि चित्रकार परक्या देशात एकटा पडला होता. चित्राला मान मिळाला म्हणजे माणसालाही मिळतोच असं नाही, हे इथे फार वाईट पद्धतीने कळतं.

वेठीपासून वॉलपेपरपर्यंत

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. ठाणे जिल्ह्याचा डहाणू-तलासरी भाग, आताचा पालघर. 1940 च्या दशकात इथल्या वारली माणसाचं 'कामाचं ठिकाण' म्हणजे सावकार-जमीनदाराचं शेत आणि जंगल ठेकेदाराचा कूप. वेठबिगार चालायची, म्हणजे बोलावलं की फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज घेतलं तर नवरा-बायको दोघं मालकाकडे बांधली जायची. त्यांना शब्दच होता, लग्नगडी. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, आदिवासी मारले गेले. तरी वेठ मोडली ती मोडलीच. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलंय. वाचलं नसेल तर नक्की वाचा.

हे सगळं चालू असतानाही वारली झोपड्यांच्या आतल्या भिंतीवर लग्नाचा चौक काढला जात होताच. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, मध्ये पालघट देवी. काढणाऱ्या सवाशिणी. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी हस्तकलेच्या कामातून इथे आले, लोकांमध्ये राहिले, आणि त्यांनी कागद-रंग दिले. त्यातून गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. लग्नविधीपुरती असलेली ही कला त्यांनी रोजच्या जगण्यापर्यंत आणली. शेती, मासेमारी, जाळं, मुंग्यांचं वारूळ, सगळं. 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात मशे आणि जनगढ दोघांचीही चित्रं होती. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले.

आता जरा हिशोब करा. वेठ नाकारल्यापासून पुढच्या 30 वर्षांच्या आत वारल्यांचं चित्र मुंबईच्या दालनांत पोचलं. ज्या शहरी, शिकलेल्या वर्गाने कालपर्यंत वारल्याला मजूर म्हणूनच पाहिलं होतं, त्याच्या दिवाणखान्यात ते लागलं. हा समेट म्हणावा का? काही अंशी हो. मशे यांच्या नावाने ओळखलं जाणारं चित्र, त्याचा मोबदला, त्यांच्याशी बोलायला गंजाडला जाणारी माणसं, यात नक्कीच काहीतरी बदललं.

पण आजची स्थिती बघा. मी पुण्यात ज्या इमारतीत काम करतो तिथल्या कँटीनमध्ये एका अख्ख्या भिंतीवर वारली नाच आहे. व्हिनाइलचा छापील कागद चिकटवलाय. कोणी काढला? माहीत नाही. बहुतेक कोणा डिझायनरने इंटरनेटवरून आकृत्या घेऊन जुळवला असणार. तारप्याभोवतीचा फेर वळतो कसा, तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ का करत नाहीत, याचा त्या चित्राला गंध नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी भिंतीवरच्या कागदाला कोण विचारतंय? मलांगीच्या नोटेची गोष्ट आठवा. ती 1966 ची होती. आपली आजची आहे.

बडोद्याचं ऑफिस, गोंड हातांनी

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या उदाहरणाकडे येतो. इथे चित्र ऑफिसची शोभा वाढवत नाही, ते थेट ऑफिसमधल्या दुराव्याबद्दलच बोलतं.

1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून आले आणि बडोदा संस्थानात नोकरीला लागले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया, मग लंडन, एवढं शिकून आलेला माणूस. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी खानावळीत उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहिलंय. ऑफिसमध्ये शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे, पिण्याच्या पाण्याची अडचण व्हायची, असं चरित्रकारांनी नोंदवलंय.

2011 मध्ये 'भीमायन' नावाचं चित्रपुस्तक इंग्रजीत आलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. त्यांनी नेहमीच्या कॉमिक्ससारख्या चौकटी काढायला नकार दिला. माणसं डब्यात कोंडायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग पानांचे भाग पाडायला त्यांनी आपल्याकडे घराच्या भिंतीवर आणि अंगणात काढतात ती डिगना नक्षी वापरली. बोलण्याचे फुगेही वेगळे. जे प्रेमाने बोलतात त्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि जे विटाळ मानून बोलतात त्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी.

म्हणजे बघा, एका आदिवासी जोडप्याने एका दलित माणसाच्या नोकरीतला अपमान आपल्या देवाधर्माच्या रेषांत काढला. त्यांना कोणी 'तुमची पारंपरिक हरणं काढा' म्हटलं नाही. गोष्ट कशी सांगायची ते त्यांनी ठरवलं. दोघांची नावं मुखपृष्ठावर आहेत. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. विंचवाच्या नांगीचा तो फुगा एकदा पाहिला ना, की आपल्या ऑफिसमध्ये कोणाचे शब्द कोणत्या आकाराचे आहेत हे माणूस मनात काढायला लागतो. 'कोट्यातून आलास का?' हा प्रश्न हसत हसत विचारला तरी त्याला नांगी असते.

आणि हे 1917 पुरतं नाही. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी निवासी डॉक्टर गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला, प्रकरण न्यायालयात गेलं. समेट हा शब्द आपल्याकडच्या ऑफिसात वापरला जात नाही, पण त्याची गरज नाही असं कोण म्हणेल?

मग देवरीत काय?

आता या सगळ्यातून मला जे समजतं ते सांगतो. चित्र टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना जवळ आणू शकतं, पण ते तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. चित्र कोणी काढलं, त्याला त्याचं मोल मिळालं का, आणि तोच माणूस उद्या या दारातून आत आला तर त्याला कसं वागवाल? स्वामिनाथन तिन्ही प्रश्नांत पास झाले. नोट छापणारे पहिल्यातच नापास. रिओ टिंटो शेवटच्यात.

देवरीसारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न येतो. चित्र कोणाचं लावायचं? आदिवासी म्हटलं की वारली, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट झालंय की कुठेही तेच रंगवलं जातं. वारली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. इथे गोंड आहेत, हलबा आहेत. इथल्या गोंडांचं सगळं मंडला-डिंडोरीसारखंच असेल असंही धरून चालू नये. इथे रेला नाच आहे, देवांच्या काठ्या आहेत, आणि शेजारच्या सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. पारी कोपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी जोडलेली ती गुहा. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंड लोक येतात.

या यात्रेला आजचं रूप देणाऱ्यांत एक नाव मोतीरावण कंगाली यांचं. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करत त्यांनी गोंडी भाषा, व्याकरण, शब्दकोश आणि कोया पुनेम धर्मावर आयुष्यभर काम केलं. 2015 मध्ये ते गेले. दिवसा बँकेच्या टेबलावर बसणारा माणूस आपल्या समाजाची भाषा लिहून ठेवत होता. अशी माणसं आपल्याही ऑफिसात असतील. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस घरी कोणती भाषा बोलतो, हे आपण कधी विचारलंय?

म्हणून माझं मत असं आहे. देवरीच्या कुठल्याही कचेरीला, शाळेला, बँकेला भिंत रंगवायची असेल तर आधी परिसरातल्या गावांत विचारा. काढणाऱ्याला बोलवा, दर ठरवा, लेखी द्या, वेळेवर द्या. काय काढायचं ते त्यालाच ठरवू द्या. देवाचं एखादं रूप भिंतीवर आणायचं नाही असं तो म्हणाला तर ऐका, कारण प्रत्येक गोष्ट दाखवण्यासाठी नसते. खाली पाटी लावा: नाव, गाव, चित्रात काय आहे, मराठीत आणि गोंडीत. आणि ज्या खिडकीवर लोक कागद घेऊन येतात तिथे गोंडी बोलणारा एक माणूस बसवा. हे शेवटचं केलं नाही तर पहिलं सगळं फक्त रंगकाम आहे.

खर्चाचं म्हणाल, तर एका भिंतीच्या व्हिनाइलला जेवढे लागतात त्याहून फार जास्त लागणार नाहीत. वेळ मात्र जास्त लागेल, कारण माणसाशी बोलावं लागेल. आणि खरं सांगायचं तर समेट सुरू होतो तो तिथेच, दर ठरवायला समोरासमोर बसलात की.

तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर असं चित्र असेल तर उद्या जाऊन त्याच्या कोपऱ्यात नाव आहे का बघा, आणि नसेल तर ॲडमिनवाल्यांना विचारा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण आश्रमशाळांच्या इतिहासाकडे जाणार आहोत. तोपर्यंत, सेवा जोहार!